खुर्चीवरची गाडी

वकीलसाबांकडं नवीन अशील आला की ते नावाच्या आधी गाडी विचारायचे. "कुठली गाडी?" ट्रक म्हटलं की त्यांचे कारकून मुन्शीजी कपाटातले कायद्याचे जाडजूड ग्रंथ काढून लाकडी खुर्चीवर रचायचे, कारण ट्रकवाला उंच बसतो. मोटारसायकल असली की खुर्ची उलटी फिरवायची आणि अशिलानं दोन्हीकडं पाय टाकून बसायचं. जीप किंवा टमटम असली तर खुर्ची आहे तशी. मग वकीलसाब स्वतःची खुर्ची तिच्या डाव्या अंगाला ओढून घ्यायचे, काळ्या कोटाची बटणं सोडायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, चालू कर."

"काय चालू करू, साब?"

"गाडी. घरून निघालास तिथून, पोलिसानं हात दाखवला तिथवर. बोलत बोलत चालव. मी बाजूला बसलोय."

मी वकिलीची सनद घेऊन भालकीहून बीदरला त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला. हुमनाबादचा एक ट्रकवाला होता. सुरुवातीला लाजला, मग रंगला. त्यानं तोंडानं हॉर्न दिला, घाटात गेर टाकला, आडव्या आलेल्या बैलगाडीवाल्याला दोन शिव्या हासडल्या. तेवढ्यात मुन्शीजी चहा घेऊन आत येत होते. ट्रक समोरून येतोय म्हटल्यावर ते बशी सांभाळत भिंतीला टेकून उभे राहिले आणि ट्रक गेल्यावर पुढं आले. कुणी हसलं नाही. मलाही हसावंसं वाटलं नाही. खिडकीतून बीदरच्या लाल मातीची धूळ आत येत होती, आणि खरंच आपण कुठंतरी चाललो आहोत असं वाटत होतं.

त्यांच्याकडं यायचे ते सगळे गाडीवालेच. कुणाचा परवाना संपलेला, कुणाचा काही दिवसांसाठी काढून घेतलेला, कुणाचा कायमचा रद्द झालेला; तरी गाडी चालवली आणि सापडले. बाकीचे वकील जमिनीच्या आणि वाटण्यांच्या केसी चालवायचे. वकीलसाबांना त्यात गोडी नव्हती. "जमीन एका जागी पडून ऱ्हाती," म्हणायचे, "तिच्याबद्दल काय ऐकायचं?"

स्वतः त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. त्यांचे वडील सरकारी बसचे ड्रायव्हर होते, बीदर-उदगीर गाडीवर. लहानपणी सुट्टीच्या दिवशी वडील त्यांना इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून बसवायचे. खालून ऊब यायची, बाजूला वडिलांचे पाय हलत असायचे, आणि बीदरचं पठार उतरून गाडी काळ्या रानात शिरेपर्यंत यांचा डोळा लागलेला असायचा. "ड्रायवरच्या बाजूला बसलं की मला अजून झोप येती," त्यांनी एकदा मला सांगितलं. "पण त्या झोपेत सगळं ऐकू येतं. गेर कवा पडला, ब्रेक कवा लागला, माणूस कवा गप झाला."

बसनं तालुक्याच्या कोर्टाला जाताना ते मला हीच गंमत दाखवायचे. डोळे मिटलेले, मान मागं टेकलेली. "लाल माती सरली," म्हणायचे, आणि मी बाहेर पाहिलं तर खरंच काळं रान लागलेलं असायचं. कशावरून म्हणाल तर चाकांच्या आवाजावरून, म्हणायचे. एकदा म्हणाले, कुणीतरी हरभरा सोलून खायलंय, तिसऱ्या बाकावर. मी उठून पाहिलं नाही. असेलही.

दुपारी कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली, बाकावर ते आडवे व्हायचे. अशील मंडळी शेजारी उकिडवी बसून राहायची. उठवायचं नाही, हा सगळ्यांनी मिळून पाळलेला नियम. उठले की पडलेलं स्वप्न सांगायचे. बहुतेक स्वप्नांत रस्ते असायचे. एका स्वप्नात म्हणे जिल्ह्यातले सगळे रस्ते एका अंगणात येऊन थांबले होते, आणि गाड्या बंद करून सगळे ड्रायव्हर बाजेवर बसून शेंगा खात होते. अशील हे मन लावून ऐकायचे. एकानं गंभीरपणे विचारलं, "मी व्हतो का त्यात, साब?" वकीलसाबांनी थोडा विचार करून सांगितलं, "व्हतास. कडेला व्हतास."

पण हा माणूस भोळा होता असं मात्र कुणी समजू नये. भालकीचे एक कापडदुकानदार आले होते. परवाना काढून घेतलेला असताना स्कूटरवर सापडले होते. त्यांचं म्हणणं, मी चालवत नव्हतोच, बंद पडलेली स्कूटर ढकलत घरी नेत होतो. मुन्शीजींनी खुर्ची उलटी केली. शेटजी म्हणाले, ढकलणाऱ्याला खुर्ची कशाला? वकीलसाब म्हणाले, "बसा तर. ढकलताना दमला असाल." शेटजी बसले, बोलू लागले. चौक आला, वळण आलं, चढ आला. चढावर शेटजींचा डावा हात आपोआप आवळला आणि मनगट फिरलं.

"शेटजी," वकीलसाब डोळे न उघडता म्हणाले, "ढकलत व्हता, मंग गेर कामून बदललाव?"

शेटजींनी गुन्हा कबूल करून दंड भरला आणि पुढं कितीतरी लोकांना वकीलसाबांकडं धाडलं. खोटं असेल तर कबूल करायचं, खरं असेल तेवढ्यावरच भांडायचं, एवढाच त्यांचा कायदा होता. अशील अडखळला की ते फक्त एक शब्द बोलायचे, "पुढं?" रागावून नाही. बाळाला झोपवताना आई गोष्ट अर्धवट सोडते आणि बाळ "मग?" म्हणतं, तसं.

चिंताकीचा बिराप्पा आला तो त्याच्या बायकोला, कस्तुराक्काला, घेऊनच. बिराप्पाची जीप होती. औराद तालुक्यातल्या त्याच्या गावातून रोज सकाळी बायांना भरून बीदरच्या कडेला कोळारच्या कारखान्यांत पोचवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हा त्याचा धंदा. कस्तुराक्काही तिथंच एका गोदामात कामाला जायची, पुढच्या बाकावर नवऱ्याच्या शेजारी बसून. बिराप्पाच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांच्या पुढं चालणारे. बाप या शिवारातून त्या शिवारात चालत राहिला. बिराप्पा म्हणायचा, आमच्या घरात बसून जाणारा मी पहिला. जीपच्या समोरच्या काचेवर त्यानं मेंढराच्या लोकरीचा काळा गोंडा बांधला होता.

मागच्या साली त्याची जीप रस्ता सोडून तुरीच्या रानात शिरली होती. कुणाला फारसं लागलं नाही. पण दवाखान्यात कुणीतरी लिहिलं, की या माणसाला मधूनच भान जातं. मग परवान्याच्या ऑफिसातून तपासणीसाठी बोलावणं निघालं, हा गेला नाही, आणि त्याचा परवाना रद्द झाला. बिराप्पा शपथेवर सांगत होता, की मला यातलं काहीच कळलं नाही. एके दिवशी कोळारच्या फाट्यावर पोलिसांनी जीप अडवली, मशीनवर नंबर घातला आणि म्हणाले, तुझं लायसन तर केव्हाच रद्द झालंय. आता खटला उभा राहिला होता. तुरुंग होऊ शकत होता. जीप तर पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात उभीच होती.

"माझ्या हातात कागद आला असता तर मी चालवलो असतो का, साब?" बिराप्पा म्हणाला. "आन मला कायबी झालेलं न्हाई. त्या दिवशी डुलकी लागली व्हती, एवढंच."

वकीलसाबांनी खुर्चीकडं बोट केलं. "बस. अक्का, तू रोज जिथं बसतीस तिथंच बस."

म्हणून त्या दिवशी कस्तुराक्का बिराप्पाच्या डावीकडं बसली आणि वकीलसाब तिच्या पलीकडं, दाराच्या बाजूला. मी मागं एका कडेला स्टुलावर, बायांच्या जागी; तिथून तिघांचे चेहरे बाजूनं दिसत होते. मुन्शीजींनी पंखा बंद केला, कारण गाडीत पंखा नसतो.

बिराप्पा चांगला ड्रायव्हर होता. बोलायला लागला आणि चिंताकीची सकाळ त्या खोलीत आली. मारुतीपाशी तिघी चढल्या, वडाखाली दोघी. एक जण विसरलेला डबा आणायला परत पळाली, तिच्यासाठी थांबला. औरादला हवा बघितली. औरादच्या पुढं सूर्य डाव्या काचेत आला, म्हणून त्यानं खुर्चीवर बसल्या बसल्या डोळे बारीक केले. मी तेव्हा पाहिलं, वकीलसाबांच्या ओठांवर हसू होतं. ते झोपेत असावेत तसे दिसत होते.

"संतपूर सुटलं," बिराप्पा म्हणाला. "रस्ता मोकळाच व्हता."

आणि गप्प झाला.

तो तिथंच बसला होता, डोळे उघडे, हात समोर धरलेले. पण आवाज थांबला होता आणि पापणीही हलत नव्हती. मला वाटलं, आठवतोय. तेवढ्यात कस्तुराक्काचा उजवा हात वर आला. अगदी सवयीनं आला, पदर सारखा करावा तसा. तो हवेत नवऱ्याच्या दोन हातांच्या मधोमध येऊन थांबला आणि मूठ आवळली गेली. जिथं स्टेरिंग असतं तिथं. ती समोर बघत होती, भिंतीकडं, आणि तिची मूठ किंचित डावीकडं, मग किंचित उजवीकडं झाली. ओठ घट्ट मिटले होते.

मग बिराप्पाचा श्वास सुटल्यासारखा झाला. "जनवाड्यात आलो," तो म्हणाला, "तितं चा पिणाऱ्या बाया—"

"बिराप्पा," वकीलसाब हळूच म्हणाले, "नदी?"

"कुठली नदी?"

"संतपूर आन जनवाड्याच्या मधी मांजरा हाय. पूल हाय. कवठ्याचा फाटा हाय. त्ये कुठं गेलं?"

बिराप्पा त्यांच्याकडं बघतच राहिला. "त्ये... त्ये रोजचंच हाय की, साब. ध्यानात कशाला ऱ्हाईल?"

वकीलसाबांनी डोळे उघडले. त्यांनी बिराप्पाकडं पाहिलं नाही. कस्तुराक्काचा हात अजून हवेत होता, त्याकडं पाहिलं. तिनं तो मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं झाकला.

"अक्का, कवापासून?"

ती म्हणाली, "शिवरात्रीपासून. आदी कवातरी व्हायचं. आता रोजच्यासारखं हाय. पाय ढिला पडतोय, गाडी आपसूक हळू व्हती. मी धरते. पूल सरला की येतेत ते मागारी."

"काय बोलायलीस तू?" बिराप्पा म्हणाला. "कवा धरलीस? मला कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर गाडी सोडला असता."

"मंग?"

"गाडी सोडला असता तर तुमी काय ऱ्हायला असता?" ती म्हणाली, आणि इतका वेळ न रडलेली बाई रडू लागली. "मागं बाया असतेत. लेकुरवाळ्या असतेत. पूल आला की मी रोज मरायले, तुमाला काय ठावं?"

मुन्शीजी बाहेर गेले. मी मान खाली घातली. बिराप्पा त्या खुर्चीवरून उठेना. त्याचे हात अजून समोर होते, पण आता त्यांना धरायला काही नव्हतं.

वकीलसाब त्याला म्हणाले, "नोटीस तुला पोचली न्हाई, हे खरं हाय. त्यावर मी भांडीन. तुला ठाऊक नसताना गुन्हा तुझ्या माथी मारू देणार न्हाई. पण आता तुला ठाऊक झालंय, बिराप्पा. त्ये मला कोर्टात सांगता येत न्हाई आन तुला इसरता येत न्हाई."

मग ते कस्तुराक्काकडं वळले. "अक्का, तू बस तितं."

"मी?"

"त्या खुर्चीवर. चालू कर."

बिराप्पा उठला. ती बसली, पदर खोचला, आणि चिंताकीपासून निघाली. मी तसा प्रवास नंतर कधी केला नाही. तिला गेरांची नावं येत नव्हती, "आता ह्यो पुढं ढकलतेत," असं म्हणायची. पण रस्ता तिला सगळा येत होता. संतपूरनंतरचा तर इंच इंच. कुठं डांबर उखडलंय, कुठं म्हशी उभ्या असतात, पुलाचा कठडा कुठं तुटलाय, पुलावर वारा कुठून येतो. नदीवर आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. बिराप्पा भिंतीला टेकून ऐकत होता. आपलाच रोजचा रस्ता तो पहिल्यांदा ऐकत होता.

खटला तालुक्याच्या कोर्टात चालला. परवाना रद्द झाल्याची नोटीस बजावल्याचं सांगायला परवान्याच्या ऑफिसातला एक म्हातारा शिपाई आला होता. आपण स्वतः चिंताकीला गेलो, घर शोधलं आणि घरच्या माणसाच्या हातात कागद दिला, असं त्यानं सरकारी वकिलांना सांगितलं. वकीलसाब उलटतपासणीला उठले. हे सगळं कन्नडमध्ये चालायचं, आणि वकीलसाबांचं कन्नड त्यांच्या मराठीसारखंच सावकाश होतं.

त्यांनी विचारलं, गावाला कशानं गेलात? बसनं. कुठं उतरलात? स्टँडवर. मग कुठल्या अंगाला चाललात? शिपाई म्हणाला, उजवीकडं. वकीलसाबांनी डोळे मिटले. "पुढं?" शिपाई म्हणाला, एक गल्ली होती. "पुढं?" गल्लीत घर होतं. दार कसं होतं? लाकडाचं. दारात कोण होतं, कुत्रं भुंकलं का, पाणी कुणी दिलं? शिपायाची उत्तरं आखूड होत गेली. मग तो थांबला. वकीलसाबही थांबले. जज्ज मॅडमनी पेन खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी पुकारा करत होतं, तेवढाच आवाज.

"मी चिंताकीला गेलो नाही," शिपाई शेवटी म्हणाला. "गुडघे दुखतात. बसस्टँडवर त्या गावचा एक माणूस भेटला, त्याच्याकडं दिला. तो म्हणाला, देतो. मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही."

वकीलसाबांनी डोळे उघडले. मला वाटलं आता ते जोरात काहीतरी बोलतील; मी बोलले असते. त्यांनी मॅडमना एवढीच विनंती केली, की साक्षीदाराचे गुडघे दुखतात, जबानी लिहून होईपर्यंत त्याला बसायला खुर्ची द्यावी.

बिराप्पा सुटला. परवाना रद्द झाल्याचं त्याला कळवलंच गेलं नव्हतं, तेव्हा जाणूनबुजून गाडी चालवल्याचा गुन्हा शाबीत होत नाही, असा निकाल झाला. गावचे चौघे-पाच जण आले होते, ते बाहेर पेढे आणायला धावले.

पण व्हरांड्यात परवान्याच्या ऑफिसचा कारकून उभा होता, परवाना रद्द केल्याचा हुकूम घेऊन. आता मात्र तो हातोहात द्यायचा होता. वकीलसाबांनी बिराप्पाला बाजूला घेतलं. मी जवळच होते.

"ह्ये घेतलंस की कायद्यानं तुला ठाऊक झालं. मग चालवता येणार न्हाई. यावर अपील करता येतं. तू म्हणशील तर करंन. काय करू सांग."

बिराप्पा त्या कागदाकडं बघत राहिला. पेढे घेऊन गावकरी परत आले होते आणि काय चाललंय ते न कळून पुडा हातात धरून उभे होते. कस्तुराक्का जिन्याच्या पायरीवर बसली होती, तिनं तोंड फिरवलं होतं. हो की नाही, काहीच सुचवायचं नाही, असं तिनं ठरवलं असावं.

"पेन द्या," बिराप्पा कारकुनाला म्हणाला. त्यानं मराठीत, मोठ्या अक्षरांत सही केली. मग वकीलसाबांना विचारलं, "साब, आता मी कोण?"

माझी खात्री होती, वकीलसाबांकडं याला काहीतरी उत्तर असणार. स्वप्नातलं, रस्त्यातलं, कुठलंतरी.

"मला न्हाई सांगता येणार, बिराप्पा," ते म्हणाले. "चल, चा पिऊ."

त्यानंतर बिराप्पाची औषधं सुरू झाली. जीप सुटून आली, ती काही दिवस कस्तुराक्काच्या भावानं चालवली आणि तिलाही गावाजवळच्या माळावर शिकवली. शिकाऊ परवाना, मग पक्का परवाना. दोन्ही परीक्षांना वकीलसाब जातीनं गेले, आणि तपासणी अधिकाऱ्याशेजारी बसू देत नाहीत म्हणून बाहेर रुसून उभे राहिले. ती पहिल्यांदा एकटीनं बाया घेऊन निघणार होती त्या दिवशी तिनं आम्हा दोघांना बोलावणं धाडलं. आम्ही आदल्या संध्याकाळीच चिंताकीला मुक्कामाला गेलो.

सकाळी जीप भरली. वकीलसाब आणि मी मागं बायांमध्ये बसलो, ते एका पोत्याला टेकून. बिराप्पा पुढं, डावीकडं. कस्तुराक्का नीट चालवत होती. औराद गेलं, संतपूर गेलं, आणि नदीच्या अलीकडं जीप थांबली. इंजिन चालूच होतं.

"काय झालं गं?" मागच्या बायांतल्या एकीनं विचारलं.

"ह्या बाजूनं पूल येगळाच दिसायलाय," कस्तुराक्का म्हणाली. तिनं स्टेरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. "मी रोज त्या बाजूच्या बाकावरून धरत व्हते. हिकडून मला जमना."

बिराप्पानं दार उघडलं आणि उतरला. मागची एक बाई ओरडून त्याला बोलावणार होती, वकीलसाबांनी तिला हातानंच थांबवलं. बिराप्पा जीपच्या पुढं जाऊन उभा राहिला, पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध, आमच्याकडं पाठ करून, आणि चालू लागला. मागं वळून पाहिलं नाही. पाय उचलून, संथ, जसं कुणीतरी मागून येतंच आहे हे ठाऊक असलेला माणूस चालतो. कस्तुराक्कानं पहिला गेर टाकला. जीप त्याच्या मागोमाग पुलावर आली. खाली मांजरेचं पाणी कोवळ्या उन्हात थोडं थोडं चमकत होतं, लव्हाळ्यातून बगळे उठत होते. मागून एक ट्रक येऊन हॉर्न वाजवू लागला, आणि मग त्यालाही काय वाटलं कुणास ठाऊक, तोही वाजवायचा थांबला आणि हळूहळू येत राहिला.

पूल सरला. बिराप्पा कडेला झाला, जीप त्याच्याजवळ येऊन थांबली. तो चढला, दार ओढून घेतलं, खांद्यावरच्या टॉवेलनं घाम पुसला.

"चल आता," तो म्हणाला. "बायांस्नी उशीर व्हायलाय."